कॉइलकाकांचा हातगुण

बिघडलेली वस्तू दिसली की ज्याचे हात शिवशिवतात, अशा माणसाच्या ताब्यात धडधाकट वस्तू कधी देऊ नये. बिघडलेली तो नीट करील, यात वाद नाही. धडधाकट वस्तूचं मात्र तो काय करील याचा भरवसा नाही. कॉइलकाकांच्या बायकोला हे लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. त्यांच्या लेकीला कळायला एकोणीस खेकडे लागले.

कॉइलकाका हे नाव बाजाराने ठेवलेलं. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार मोजून भरायची, हा त्यांचा तेहेतीस वर्षांचा धंदा. दुकान म्हणजे एक दार आणि दाराच्या मागे दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. भिंतीला जाडीप्रमाणे लावलेली तांब्याच्या तारेची रिळं, कोपऱ्यात वार्निशचा डबा, आणि सगळ्या हवेत त्या वार्निशचा गोडसर जळका वास. गिऱ्हाइकाने मोटर टेबलावर ठेवली की काका आधी तिचा वास घ्यायचे आणि सांगायचे, "ही पाण्याने गेली," किंवा "हिला विश्रांती दिली नाहीत तुम्ही." वेढे मोजताना कोणी बोललं तर एक बोट वर करायचे. त्या बोटापुढे भलेभले गप्प बसत. काकांनी भरलेली मोटर दुसऱ्यांदा जळून परत आली, असं सहसा झालं नाही. काकांच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत आणि काकांनाही ते पटलेलं होतं.

घरात मात्र या गुणाचा फार जाच. दाराची घंटा त्यांनी सुधारल्यापासून ती कोणी न दाबताही वाजायची. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उघडून साफ केलं तेव्हापासून ते दहा मिनिटं पुढे धावत होतं, आणि घरातली सगळी माणसं न बोलता मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करत होती. काकू यावर आता वाद घालत नसत. त्यांनी वाद घालणं लेक नऊ वर्षांची असताना सोडून दिलं होतं. ते का, हे पुढे येईलच.

लेक समुद्री जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात कामाला होती. दोन वर्षं खपून तिने तिथे खेकडे वाढवले होते. धुळीएवढ्या हजारो अळ्या पाण्यात तरंगत होत्या, त्यातून एकोणीस जगल्या आणि खेकडे झाल्या. शर्टाच्या बटणाएवढे खेकडे, करडे, डोळे काडीवर बसवल्यासारखे. तिचं पुढचं सगळं काम, पदवी, नोकरी टिकणं, याच एकोणीस जिवांवर होतं. अशात केंद्राचं छप्पर दुरुस्तीला निघालं, वीज बंद होणार आणि लेकीला पाच आठवडे पाहणीच्या बोटीवर जावं लागणार. ज्या मैत्रिणीकडे टाकी ठेवायची ती आजारी पडली. शेवटी एका रविवारी सकाळी केंद्राची गाडी काकांच्या दाराशी आली. समोरच्या खोलीत जिथे टीव्ही होता तिथे काचेची टाकी बसली, हवेचा पंप बुडबुडायला लागला आणि टीव्ही पलंगाखाली गेला.

लेकीने सूचनांचा कागद काचेला चिकटवला. पाणी वाफ होऊन कमी झालं की खुणेपर्यंत साधं, शिळं पाणी घालायचं, मिठाचं नाही. मीठ वाफेबरोबर उडत नाही, खालीच राहतं. खाणं संध्याकाळी चिमूटभर, उरलेलं लगेच काढायचं. खेकड्यांनी टाकलेली रिकामी कवचं काढायची नाहीत, ती ते स्वतःच खातात. आणि शेवटची ओळ, खाली दोन रेघा ओढलेली: पाण्यात नवीन काहीही घालायचं नाही. टाकीच्या मागे मीठ कालवलेल्या पाण्याचे दोन मोठे कॅन ठेवून ती म्हणाली, "हे अडीअडचणीला."

काकू चहा ओतत होत्या. त्यांच्या देखत लेक म्हणाली, "बाबा, तुमच्यावर सोपवून चालले आहे. आईला हात लावू देऊ नका. ती विसरते."

काकूंनी कप भरला तो काठोकाठ भरला, सांडला नाही. काका "हो हो" म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

आता ते लेक नऊ वर्षांची असतानाचं प्रकरण. लेकीने तेव्हा खोक्यात कोंबडीची सहा पिल्लं पाळली होती, उबेसाठी वर एक दिवा टांगलेला. दिवा मधूनमधून लुकलुकायचा. एके दिवशी लेक शाळेत गेल्यावर काकांचे हात शिवशिवले. त्यांनी होल्डर नीट केला, आणि पिल्लांना ऊब कमी पडायला नको म्हणून दुप्पट ताकदीचा दिवा लावून दुकानात गेले. दुपारी जेवायला आले तर खोक्याला हात लावता येत नव्हता, इतकं ते तापलं होतं. लेक दारात आली तेव्हा काका जुना दिवा हातात घेऊन उभे होते. बाबा सगळं नीट करतात, असं शाळेत सांगत फिरणारी ती पोर. काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "माझंच चुकलं गं. झाडताना दिवा बंद केला आणि लावायला विसरले. गारठली ती."

लेक महिनाभर आईशी बोलली नाही. काका मूग गिळून बसले. उद्या सांगू, म्हणाले. मग मोठी झाली की सांगू, म्हणाले. मग ती मोठी झाली, आणि आता सांगून काय उपयोग, असं झालं. तोवर आई विसरते हे घरात त्या घड्याळासारखं पक्कं झालं होतं. परीक्षेचा अर्ज असो, किल्ली असो, लग्नाची आलेली पत्रं असोत, लेक ते आईच्या हाती देत नसे. काकू काहीही विसरत नसत. काका हे रोज पाहत होते.

तर आता पाच आठवडे. काकांनी ठरवलं, या वेळी एकाही जिवाला धक्का लागू द्यायचा नाही.

पहिले काही दिवस ते खरोखर कागदाबाहेर न जाता वागले. पाणी खुणेबरहुकूम, खाणं चिमटीने. चौथ्या दिवशी सकाळी दगडाजवळ एक खेकडा पाय पसरून निपचित पडलेला दिसला आणि काकांनी काकूंना हाक मारली. काकू दारातूनच म्हणाल्या, "कागद वाचा." काकांनी वाचला, वाकून पाहिलं. ते नुसतं कवच होतं, डोळ्यांच्या काड्यांसकट, आतून पोकळ. त्याचा मालक दगडामागे लपला होता, आधीपेक्षा मोठा, लोण्यासारखा मऊ. काका तासभर तिथून हलले नाहीत, दुकान उशिरा उघडलं. मग त्यांना खेकडे वेगवेगळे ओळखू यायला लागले. एकाची डावी नांगी तुटलेली, त्याला ते थोटा म्हणायला लागले. दुकानातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "थोटा जेवला का?" काकूंना हसू यायचं. त्यांनी टाकीला बोट लावलं नव्हतं, पण दिवसभर लक्ष त्यांचंच असे.

त्याच आठवड्यात टाकीतला हीटर निसटला. तो काचेला रबराच्या बिल्ल्यांनी चिकटवलेला होता. बिल्ले सुटले आणि हीटर दगडांवर, खेकड्यांच्या बिळांच्या तोंडाशी जाऊन टेकला. कोणीही माणूस बिल्ले पुसून परत चिकटवता. काकांनी लोखंडी तारेचा आकडा वळला, काचेच्या काठावर अडकवला आणि हीटर त्यात उभा केला. दोन दिवसांत तार तांबडी पडली आणि काचेवर ओघळ उतरला.

"मिठात लोखंड टिकत नाही," काका काकूंना म्हणाले. "मलाच सुचायला हवं होतं. तांब्याला गंज नाही."

"कागदावर लिहिलंय, नवीन काही घालू नका म्हणून."

"हे घालणं नाही गं. ही दुरुस्ती आहे."

दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यात जाड तार निवडली. रिळावरच्या तारेला वार्निशचा पातळ थर असतो. त्याशिवाय कॉइल भरताच येत नाही. काकांच्या मनात आलं, हे वार्निश म्हणजे केमिकल. कोवळे जीव आहेत, त्यांना बाधायचं. म्हणून दुपारचं जेवण बाजूला ठेवून त्यांनी चाकूच्या पात्याने वार्निश खरवडलं, मग पॉलिश पेपरने तार घासली, इतकी की तोंड दिसावं. वार्निश राहू दिलं असतं तर कदाचित काही झालं नसतं. पण काकांना कुठलंही काम अर्धवट ठेवायची सवय नव्हती. संध्याकाळी ती चकचकीत तार पाण्यात उतरली, हीटर ताठ उभा राहिला, आणि काका लांब जाऊन मान तिरकी करून पाहायला लागले. सुंदरच दिसत होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहिला खेकडा मेला. या वेळी पोकळ कवच नव्हतं. खेकडा कवचातून निम्मा बाहेर आला होता आणि तिथेच अडकला होता, सदरा काढता काढता माणूस जावा तसा. काकांनी त्याला चिमट्याने उचललं, कागदात गुंडाळलं आणि कुंडीत पुरलं. एखादा जायचाच, म्हणाले.

दोन दिवसांनी आणखी एक. मग एकाच दिवशी दोन.

जे उरले ते खाईनात. संध्याकाळी टाकलेला घास सकाळी तसाच असायचा. आणि मग ते वर चढायला लागले. हवेची नळी, हीटरची वायर, दगडाचं टोक, जिथून म्हणून पाण्याबाहेर डोकं काढता येईल तिथे ते जाऊन बसायचे, एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही म्हणतात. एक चढला की दुसरा त्याला खाली ओढतो. इथे कोणी कोणाला ओढत नव्हतं. सगळे मिळून चढत होते आणि वर पोचल्यावर सगळ्यांची तोंडं खोलीकडे असायची. काकू पहाटे चहाला उठल्या की आधी त्या खोलीच्या दाराशी थबकत. त्या काड्यांवरच्या डोळ्यांसमोरून आत जायला त्यांना नको वाटे.

काकांना कारण हवं होतं. मोटर जळते ती उगाच जळत नाही, कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. त्यांनी खोलीत वास घेतला, आणि वास सापडला.

"तू फरशी कशाने पुसतेस?"

"नेहमीच्याच फिनेलने."

"तेच! त्याची वाफ पाण्यावर बसते. म्हणून ते वर येतात."

"अहो, वाफ वरून बसते तर ते वर कशाला येतील?" काकू म्हणाल्या. "त्रास पाण्यात आहे म्हणून ते पाण्यातून निघायला बघताहेत."

इतकं उघड उत्तर होतं, पण काकांच्या कानात ते शिरलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, त्यातला प्रकार. काकूंनी त्या दिवसापासून समोरची खोली नुसत्या ओल्या फडक्याने पुसली. खेकडे मरायचे थांबले नाहीत.

रविवारी लेकीचा फोन आला. बोटीवर सिग्नल आठवड्यातून एकदा मिळायचा, तोही तुटक.

"सगळे बरे आहेत ना, बाबा?"

टाकीत तेव्हा अकरा उरले होते. "मजेत आहेत," काका म्हणाले.

"एकोणीसच्या एकोणीस?"

"अगं, तुझे बाबा आहेत ना इथे." आणि मग आवाज थोडा खाली आणून, "तेवढं तुझ्या आईचं फिनेल... मी सांगितलंय तिला. ऐकते, पण विसरते."

"मला माहीतच होतं," लेक म्हणाली, आणि फोन तुटला.

काका वळले तर काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात धुतलेलं ताट. त्यांनी ताट पुसून जागेवर ठेवलं. काकांना वाटलं, काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. आपण काय केलं हे त्यांना नीट कळलं होतं, आणि त्याची लाज वाटत होती, आणि तरीही आत कुठेतरी हायसंही वाटत होतं. खरं सांगायचं तर अशा वेळी माणसाचा राग येतो.

त्यानंतर काकांना नवं कारण सापडलं: हे एकमेकांना खातात. कवच टाकून मऊ पडलेल्याला बाकीचे गाठत असणार. उपाय सोपा होता, प्रत्येकाला वेगळी खोली. दुकानात एका पंपाची मोटर उघडी टाकून काका तीन दिवस तारेच्या जाळ्या विणत बसले. गिऱ्हाईक आलं की बोट वर. बारीक तार, सारखे वेढे, प्रत्येक जाळी इतकी रेखीव की दागिन्यांच्या दुकानात ठेवावी. अर्थात प्रत्येक तार आधी खरवडून, घासून. पाण्यात नऊ पिंजरे उतरले आणि तोवर उरलेले नऊ खेकडे त्यांत गेले. आता वर चढायलाही वाट राहिली नाही. ते जाळीला पाय धरून उभे राहत आणि तोंडाशी फेस काढत.

आठवड्याच्या आत सहा उरले.

मग एके दुपारी काकू समोरच्या खोलीतली धूळ झटकत होत्या. टाकीला शिवायचं नाही हा हुकूम त्यांनी अजून पाळला होता, पण डोळ्यांना कोणी बंदी घातली नव्हती. काचेच्या काठावर जिथे जाड तार वळून बाहेर आली होती, तिथे त्यांना काहीतरी दिसलं. त्या जवळ गेल्या, चष्मा चढवला आणि बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या. काका येईपर्यंत तशाच बसून होत्या.

काका आले आणि सवयीने म्हणाले, "थोटा जेवला का?"

"अहो, ते कळकलंय."

"काय?"

"तार. बघा ना."

काकांनी पाहिलं. तारेच्या वळणावर निळसर हिरवा थर चढला होता, ओलसर, खडबडीत. पिंजऱ्यांच्या कड्यांवरही होता. पाण्यात असल्यामुळे तिथे तो दिसत नव्हता, इतकंच.

"माझ्या आईकडे कल्हई उडालेलं एक पातेलं होतं," काकू म्हणाल्या. "त्यात कोणी चुकून आंबट ठेवलं की असंच हिरवं चढायचं. एकदा सगळं घर त्यातलं खाऊन आडवं झालं होतं, मी तेव्हा सहा वर्षांची. आंबटाने कळकतं, खारटाने कळकतं. हा गंज नसतो, हे विष असतं."

"तांब्याला..." काका म्हणाले, आणि थांबले.

कारण ते त्यांनाही ठाऊक होतं. तेहेतीस वर्षं ठाऊक होतं. पावसात भिजलेली मोटर उघडली की तारेची टोकं अशीच हिरवी निघत, आणि काका ती पॉलिश पेपरने साफ करून कामाला लागत. तो हिरवा रंग त्यांच्या नखांच्या कडांत होता, तळहाताच्या भेगांत होता. याच हातांनी ते रोज टाकीतलं उरलेलं खाणं काढत होते. त्यांनी हात पुढे धरून पाहिले, मग पाठीमागे नेले.

पुढचा तास दोघं काम करत होती. काकांनी तारा उपसल्या. जुनं पाणी नळीने बादल्यांत काढलं, मागचे दोन्ही कॅन ओतले. काकू बादल्या नेऊन मोरीत रिकाम्या करत होत्या. मधेच काकांना वाटलं, लेकीला फोन करावा, ती काहीतरी उपाय सांगेल. फोन लावला. सिग्नल नव्हता. खरं म्हणजे लागला नाही म्हणून त्यांना बरंच वाटलं.

उशीर झाला होता. सहाचे चार झाले, चाराचे दोन. मग थोट्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि लेक यायच्या दोन दिवस आधी थोटाही दगडाच्या फटीत शिरला तो दिसेनासा झाला. काकांनी वाकून, झुकून, बॅटरी लावून पाहिलं. फट अंधारी होती आणि हात घालायची आता त्यांची छाती नव्हती.

ती यायची त्या सकाळी फटीच्या तोंडाशी डावी नांगी नसलेला खेकडा पडलेला होता, पाय पसरून, निपचित.

काका खुर्चीत बसले. "तिला काय सांगायचं?"

काकू आरशासमोर केस बांधत होत्या. त्यांनी वळून पाहिलंही नाही. "नेहमी सांगतो तेच. मी विसरले."

त्यांच्या आवाजात राग असता तर काकांनी उलट काही म्हटलं असतं. राग नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशा त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्याकडे तयारच होतं आणि या वेळी मागायचीही गरज पडली नाही, हे काकांच्या जिवाला फार लागलं. त्यांनी कपाटामागून तो हिरवा पडलेला तारेचा आकडा काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. काढून दाखवायची हिंमत होईल की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

लेक दुपारी आली. उन्हाने रापलेली, पाठीवर पिशवी, बूट न काढता तशीच टाकीशी गेली. ती मोजत होती हे तिच्या ओठांवरून कळत होतं. एकावर येऊन ओठ थांबले. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि वळली ती सरळ आईकडे.

"आई. काय केलंस तू?"

आईला ती 'तू' म्हणायची आणि बाबांना 'तुम्ही'. घरोघरी असतं तसंच. पण त्या 'तू'त त्या दिवशी पंचवीस वर्षांचा राग होता.

काकूंनी पदराला हात पुसले. तोंड उघडलं. काकांनी ते तोंड उघडताना पाहिलं, आणि त्यांना ते खोकं आठवलं, दारातली पोर आठवली, आणि आपल्या हातातला तो जुना दिवा.

"तिने नाही," काका म्हणाले. आवाज भलताच मोठा आला. "तांबं होतं. मी घातलं." आणि त्यांनी खिशातून आकडा काढून टेबलावर ठेवला.

लेकीने आकडा उचलला, उलटापालटा केला. "किती दिवस होतं हे पाण्यात?"

"तीन आठवडे. पिंजरेपण केले होते. घासून, साफ करून."

"वार्निश काढून?"

"हो. त्यांना बाधू नये म्हणून."

लेकीने डोळे मिटले. काकांना वाटलं, आता इथेच थांबावं. झालं तेवढं पुष्कळ झालं. पण वेढे मोजत आलेल्या माणसाला एक वेढा सोडून पुढे जाता येत नाही.

"फिनेलचंही खोटं होतं," ते म्हणाले. "आणि कोंबडीच्या पिल्लांचा दिवा, तोही मीच बदलला होता. मोठा लावला होता. ती गारठली नव्हती. तुझी आई काही विसरली नव्हती."

लेक आईकडे पाहत राहिली. काकूंनी मान फिरवली आणि घड्याळाकडे पाहिलं, जणू काही कामाची वेळ होत होती.

मग लेक टाकीकडे वळली. पिशवीतून लांब चिमटा काढला आणि फटीसमोरचा तो थोटा खेकडा हलकेच उचलून उजेडात धरला. उजेड आरपार गेला. आतून पोकळ होता. तिने पटकन वाकून फटीत बॅटरी टाकली. आत, अगदी मागे, काहीतरी मऊ आणि करडं हललं. डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी नवी नांगी फुटलेली होती.

"एक आहे," ती म्हणाली. "एकावर काही उभं राहणार नाही. पण हा इथे एक दिवसही ठेवायचा नाही."

तिने झाकणाचा डबा काढला, कॅनच्या तळाशी राहिलेलं पाणी त्यात ओतलं, दगड अलगद तिरका केला आणि थोट्याला वाटीने डब्यात घेतलं. केंद्राची गाडी बाहेर उभी होती. काका पुढे झाले. डबा उचलायला त्यांचे हात आपोआप गेले.

"नको, बाबा." लेक आधीच मधे आली होती. तिने डबा उचलून काकूंपुढे धरला. "आई, तू धर. केंद्रापर्यंत मांडीवर घेऊन बसशील? हलता कामा नये."

काकूंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. पंचवीस वर्षांत लेकीने त्यांच्या हाती दिलेली ही पहिली वस्तू, आणि त्यांना ती कशी धरावी हे क्षणभर सुचेना. मग त्यांनी ती छातीशी धरली आणि पायाखाली पाहत, एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाल्या.

काका दार उघडायला गेले. कडीला हात लागणार, एवढ्यात लेक मागून म्हणाली, "राहू द्या, बाबा. मी उघडते."